चेअरमनसाहेबांचा मजकूर

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. पण ब्रह्मराक्षसालाही मागे लागायला एखादा पिंपळ, एखादी आडवाट लागते. सम्राट भिंगारदिव्याच्या मागे तो लागला तो साखर कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात, एसीच्या गार हवेत, भर दुपारी. आणि तोही सम्राटनं स्वतः हाक मारून बोलावला म्हणून.

सम्राट कारखान्यात हंगामी होता. म्हणजे ऊस असेपर्यंत नोकरी, गाळप संपून पट्टा पडला की घरी. काष्टीच्या अलीकडच्या त्या कारखान्यात कैक माणसं हंगामी म्हणून लागली आणि हंगामी म्हणूनच गेली. सम्राटचे वडील त्यातलेच. उभी हयात त्यांनी गव्हाणीत उसाच्या मोळ्या टाकण्यात काढली आणि 'कायम'चा कागद काही त्यांच्या हाती पडला नाही. त्यामुळे त्याची आई राहीबाई हिचं मागणं एकच होतं. देवाकडे ती मागत नसे, कारण या घरानं देव छप्पन सालीच सोडले होते. ती सरळ मुलाकडेच मागायची, "बाबा, कायम हो."

त्या वर्षी, म्हणजे नव्व्याण्णव साली, संचालक मंडळाच्या मीटिंगपुढे त्याचं नाव जाणार होतं. आणि एकदा नाव पुढे जाणार म्हटल्यावर भिण्यासारख्या गोष्टींना काय तोटा? फोन वाजला की त्याला वाटे, आपली तक्रार गेली. फोन वाजला नाही की वाटे, तक्रार लेखी गेली. बायको प्रज्ञा शाळेत शिकवायची. ती म्हणायची, अहो, तुमची तक्रार करण्याइतकं तुम्हाला ओळखतंय कोण? बोलणं खरं होतं, पण सम्राटचा त्यानं अपमान झाला आणि भीतीही गेली नाही.

आता आमच्या नगर जिल्ह्यात पुढारी होणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटायचं नाही. भाषण करता आलं नाही तरी चालतं. पण सभासदाच्या घरचं लग्न आणि सभासदाच्या घरचा दहावा चुकवून चालत नाही. लग्नसराईत चेअरमनसाहेबांची जीप या मांडवातून त्या मांडवात आणि मधेच नदीकाठी दहाव्याला, अशी दिवसभर धावायची. जिथं जीप पोचणार नाही तिथं साहेबांचं पत्र पोचायचं, आणि ते माइकवर वाचलं जायचं. लग्नात शुभसंदेश, दहाव्याला शोकसंदेश. ही पत्रं शिपाई सायकलवर नेत असत. त्यामुळे कधीकधी 'नवदांपत्यास शुभाशीर्वाद' बारशाच्या दिवशी पोचायचे. साहेबांनी मग गावोगावच्या गट ऑफिसांत, म्हणजे ऊस नोंदवायच्या कचेऱ्यांत, कॉम्प्युटर बसवले, फोनच्या तारेतून ई-मेल सुरू केली, आणि एक दिवस विभागात येऊन सहज म्हणाले, की भिंगारदिवे, हे मशिन नुसतं नाव टाकलं की आपोआप पत्र लिहील असं काही होतं का?

नाही म्हणायला काय जात होतं? साहेब चहा पिऊन गेले असते. पण मीटिंग जवळ आली होती. सम्राट 'हो साहेब' म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच्याकडे पुण्याहून आणलेली एक सीडी होती. त्यात परदेशातल्या कुणा भल्या माणसानं फुकट वाटलेली ई-मेलची एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे आयतं लिहून ठेवलेलं प्रोग्रॅमचं सामान. त्यात प्रत्येक पत्र म्हणजे एक ऑब्जेक्ट. हे ऑब्जेक्ट प्रकरण सम्राटनं घरी समजावून पाहिलं. आई, असं धर की पत्राला जीव आहे. त्याला विचारलं तुला कुणी धाडलं, तर ते सांगतं. विचारलं कुणाकडे जायचंय, तर तेही सांगतं. राहीबाईनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग त्याला जास्ती बोलवू नको. म्हातारीचा हा सल्ला त्यानं ऐकायला हवा होता.

कारण गंमत पुढेच होती. त्या लायब्ररीतलं पत्र जन्मतः फारसं काही शिकलेलं नसे. त्याला एखादं काम सांगावं, ते येत नसलं की त्यानं कपाटातून त्या कामाची फाईल काढावी, तिथल्या तिथं शिकावं आणि काम करून मोकळं व्हावं. लग्न निघालं की वाजंत्री बोलवावेत, त्यांना वर्षभर घरी जेवू घालू नये, तसं. कारखान्याच्या मशिनची मेमरी बेताचीच होती, तेव्हा ही सोय सम्राटला फारच आवडली. आपल्या फायली आपण लिहायच्या आणि पत्राला नवे नवे गुण जोडत जायचं. त्यानं 'लग्न' नावाची एक फाईल केली, 'शोक' नावाची दुसरी. काम फत्ते झालं असं त्याला वाटलं. तिथंच थांबला असता तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

पण शेजारी कानिफनाथ होते. कानिफनाथ शेळके हे आस्थापना विभागातले जुने कारकून. कॉलनीत त्यांच्या आणि सम्राटच्या खोलीमध्ये एकच भिंत होती, आणि सल्ल्याला भिंत आडवी येत नाही. ते म्हणाले, लग्नाचं पत्र मुलाकडे वेगळं आणि मुलीकडे वेगळं पाहिजे. सम्राटनं वेगळं केलं. मग म्हणाले, जाऊळ, वास्तुशांत आणि कुणाचा बैल बाजारात पहिला आला तर त्याचं काय? तेही केलं. मग राहीबाईनं विचारलं, आपल्या माणसाला पत्र गेलं तर त्यात काय लिहिणार, कै.? आपल्यात कैलासाला कुणी जात नाही. खरंच होतं. 'कालकथित'ची फाईल निराळी झाली. कॉम्प्युटर विभागात श्रीरामपूरच्या एक ख्रिस्ती बाई होत्या, त्या म्हणाल्या, आमच्यात 'प्रभूमध्ये निद्रिस्त' लिहितात. हमीदभाई वेल्डर म्हणाले, आमच्यात 'मरहूम'. एका मरणाच्या इतक्या तऱ्हा असतील असं सम्राटला वाटलं नव्हतं. कपाटात फायलींची रांग लागली. रोज काहीतरी नवं जोडताना त्याला भीती वाटायची, कारण त्या फायलीत चूक असली तर ती आज कळणार नव्हती. ज्या दिवशी कुणी मरेल किंवा लग्न करील, त्या दिवशी कळणार होती.

बाकी सगळ्या फायलींतला मजकूर त्यानं जुन्या पत्रांतून उतरवून घेतला होता. 'आपल्या कन्येच्या मंगल परिणयप्रसंगी हार्दिक' वगैरे. एका 'शोक'चा मात्र नाही. तो त्यानं स्वतः लिहिला होता. वडील गेले तेव्हा कारखान्याकडून घरी सायक्लोस्टाईलचं पत्र आलं होतं. 'आपले' नंतर नावासाठी रेघ मारलेली होती, आणि त्या रेघेवर वडिलांचं नाव लिहायचंच राहून गेलं होतं. ती रिकामी रेघ सम्राटला फार लागली होती. म्हणून हा मजकूर लिहिताना त्यानं नाव आधी टाकलं, आणि खाली त्या दिवसांत जे वाटलं होतं तेच लिहिलं. लिहून झाल्यावर डोळे पुसले, कुणी बघितलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि प्रत्येक फायलीत जसं दिलं होतं तसंच याही कामाला नाव दिलं 'मजकूर'. कारखान्यात सगळे तसंच म्हणायचे. लग्न असो की मरण, साहेबांकडून काय गेलं, तर साहेबांचा मजकूर गेला.

आणि अडलं ते इथंच. सम्राटची समजूत अशी, की एका पत्रानं फाईल उघडली की तेवढं एक पत्र शिकतं. प्रत्यक्षात एक पत्र शिकलं की त्या कुळातली झाडून सगळी पत्रं शिकायची. आणि दोन फायलींत कामाचं नाव सारखंच असलं, तर शेवटी उघडलेली फाईल आधीचं शिकवलेलं पुसून टाकायची. वर लायब्ररीचा काटकसरी स्वभाव असा, की एकदा उघडलेली फाईल ती परत उघडायची नाही. कशाला, येतंच की आता. म्हणजे सकाळी 'लग्न' उघडलं, मग 'शोक' उघडला, की त्यानंतर मशिन बंद करेपर्यंत साहेबांकडून जो जाईल तो शोकच जाईल. आजवर हे उघडकीला आलं नव्हतं, कारण सम्राट भीतीपोटी प्रत्येक पत्रानंतर मशिन बंद करून चालू करायचा. त्या शनिवारी त्यानं तसं केलं नाही. आदल्याच दिवशी प्रज्ञा म्हणाली होती, की अहो, जरा स्वतःवर विश्वास ठेवा.

त्या दिवशी लग्नतिथी दाट होती आणि श्रीगोंद्याकडच्या एका जुन्या सभासदाचा दहावा होता. सकाळी एक लग्नाचं पत्र गेलं. मग दहाव्याचं गेलं. मग शेवटचं एक लग्नाचं. ते होतं काष्टीच्या उत्तमरावांच्या मुलीचं, रेश्माचं.

उत्तमराव म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. चेअरमनसाहेबांचे ते एके काळचे जिवलग आणि गेल्या कित्येक वर्षांचे कट्टर वैरी. दोघं एका वाटेनं आले तर एकाची जीप शेतात घालावी लागे. संचालक मंडळात अर्धे साहेबांचे, अर्धे उत्तमरावांचे, आणि त्यामुळे कुठलाच ठराव सरळ पास होत नसे. हंगामी लोकांना कायम करण्याचा तर नाहीच. एवढं वैर असूनही पत्र मात्र जायचंच, कारण पत्र गेलं नाही तर लोक काय म्हणतील?

जेवणाच्या सुट्टीत कानिफनाथ जावक फाईलला प्रती लावत बसले होते. एक कागद त्यांनी जवळ धरला, लांब धरला, आणि विचारलं, "भिंगारदिवे, उत्तमरावाची पोरगी वारली का काय?"

सम्राटनं कागद हातात घेतला. वर 'चि. सौ. कां. रेश्मा हिचा शुभविवाह' असं होतं, आणि खाली त्यानं वडिलांसाठी लिहिलेला मजकूर, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. त्याची पाचावर धारण बसली. खुर्चीवर बसावं म्हणून तो मागे सरकला तर खुर्ची तिथं नव्हती.

पहिली गोष्ट त्यानं केली ती काष्टीच्या गट ऑफिसला फोन लावला. फोन एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. मग त्याच्या लक्षात आलं, की तिथल्या तारेवर आत्ता त्याचीच ई-मेल चालू आहे. बैलाच्या बाजारभावाचं पत्रक जात होतं, सावकाश, एकेक अक्षर करत. आपण सोडलेलंच पत्रक आपल्या वाटेत आडवं पडलंय, आणि तारेवरून त्याला परत बोलवायचा गुण त्याला शिकवलेला नाही, हे कळल्यावर सम्राटला रडावं की काय करावं समजेना. अखेर लाईन मोकळी झाली तेव्हा तिकडचा कारकून उत्साहात म्हणाला, की पत्र छापलं, पाकिटात घातलं, हळदकुंकू लावलं आणि उसाच्या चिठ्ठ्या वाटणारा स्लिपबॉय मोटरसायकलवर मांडवात घेऊन गेलासुद्धा. आपली ई-मेल एकदम फास्ट आहे साहेब.

इतकी फास्ट ई-मेल आयुष्यात पहिल्यांदाच चालली होती.

लग्न गोरज मुहूर्ताचं. कानिफनाथांना आमंत्रण होतं आणि त्यांच्याकडे लूना होती. सम्राट मागे बसला. बसल्याबरोबर त्याला वाटलं, की आपण जाऊ नये. मग वाटलं, की न जाऊन चालणार नाही. लूनेचं एक बरं असतं, मागच्या माणसाचं मत ती विचारत नाही. कानिफनाथ मात्र अधूनमधून थांबत होते. एकदा पेट्रोलला, एकदा आहेराच्या टॉवेल-टोपीला, आणि एकदा नुसतंच, मागे वळून नीट समजावून सांगायला. ते म्हणाले, काळजी करू नका, उत्तमराव फार तर काय करतील? त्यांच्या वडिलांनी एकाला विहिरीत उलटा टांगला होता, पण तो काळ निराळा. आता ते कोर्टात जातील. मुलीच्या लग्नात तिच्या मरणाचा शोक, तोही कारखान्याच्या लेटरहेडवर. यात कलम कुठलं लागेल ते मात्र बघावं लागेल. पुढे मैलभर ते कलमं आठवत होते.

काष्टीत बाजाराचा दिवस होता. विकलेले बैल, न विकलेले बैल आणि विकले की नाही याचं ठरत नसलेले बैल असे सगळे रस्त्यावर उभे होते. लूना त्यांच्यामधून चालत न्यावी लागली. एका खोंडानं सम्राटच्या शर्टाची बाही चाटून काढली. तशी बाही घेऊन तो मांडवाच्या दारात पोचला, आणि आत नजर गेली तसं त्याला ब्रह्मांड आठवलं. स्टेजवर, पाहुण्यांच्या खुर्चीत, डोक्याला फेटा बांधून साक्षात चेअरमनसाहेब बसले होते.

कुणीतरी मध्ये पडून त्यांना आणलं होतं. किती वर्षं वैर करायचं, निदान पोरीच्या लग्नाला तरी या, असं. आले होते, पण चेहरा ऑडिटला बसल्यासारखा होता. दुसऱ्या टोकाला उत्तमराव उभे होते. भरघोस मिशांचा, पहाडासारखा माणूस. ते साहेबांकडे बघत नव्हते. आणि मध्ये माइकवर होते श्रीमंत गुरुजी, पंचक्रोशीतल्या सगळ्या लग्नांचा आणि सगळ्या दहाव्यांचा आवाज. त्यांच्या हातात पाकिटांची चळत होती. मुहूर्त टळायला आला होता, पण आमच्याकडे मुहूर्त पुढाऱ्यांसाठी थांबतो.

सम्राटनं स्टेजकडे धाव घेतली. धाव म्हणजे काय, मांडवात धावता येत नाही. दोघा स्वयंसेवकांनी त्याला धरला, पाहुणे, आधी सरबत घ्या म्हणाले, आणि हातात ग्लास दिला. ग्लास सांभाळत तो पायऱ्या चढला आणि गुरुजींच्या कानाशी लागून म्हणाला, की ते पत्र, कारखान्याचं पत्र... गुरुजींचा अनुभव दांडगा. कानाशी लागणारा माणूस कशासाठी लागतो, हे त्यांना चाळीस वर्षांत पाठ झालं होतं. त्यांनी मान डोलावली आणि माइकमध्ये घोषणा केली, की कारखान्याचे कॉम्प्युटरसाहेब श्रीमान भिंगारदिवे हे वधूवरांना आशीर्वाद देण्यासाठी जातीनं उपस्थित झाले आहेत, त्यांचा सत्कार होत आहे. कुणीतरी त्याच्या हातातला ग्लास काढून घेतला, नारळ दिला, डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि त्याला खुर्चीत बसवलं. ती खुर्ची चेअरमनसाहेबांच्या शेजारी होती. साहेबांनी त्याच्या चाटलेल्या बाहीकडे पाहिलं आणि आपली खुर्ची जराशी बाजूला सरकवली. जन्मात पहिला सत्कार झाला तो हा. सम्राटला वाटलं, आपल्याच दहाव्याला आपण नारळ घेऊन बसलोय.

गुरुजी शुभसंदेश वाचू लागले. आमदारांचा, बँकेचा, दूध संघाचा. मांडवात कुणीही ऐकत नव्हतं. बायका साड्या बघत होत्या, पुरुष उसाच्या भावावर बोलत होते, पोरं अक्षता एकमेकांना मारत होती. सम्राटला एक आशा होती, की हाच गोंगाट आपल्याला वाचवील. जगात शुभसंदेश ऐकणारा माणूस असतो कुठं? मग गुरुजींनी हळदकुंकवाचं पाकीट फोडलं आणि चेअरमनसाहेबांचं नाव घेतलं. एवढं नाव मात्र सगळ्यांच्या कानात शिरलं. वैऱ्याचं पत्र आलंय म्हटल्यावर उसाचा भाव थांबला.

"चि. सौ. कां. रेश्मा," गुरुजींनी सुरुवात केली, आणि मग त्यांचा आवाज आपोआप खाली आला. शब्द तसे होते, आणि त्या शब्दांना कुठला आवाज लावायचा हे त्यांच्या गळ्याला ठाऊक होतं. ते वाचत गेले. "तुमच्या घरातलं लाडकं माणूस आज तुमच्या घरातून निघालं. जे एक दिवस जाणारच हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं, तेच सोसायला मन तयार नसतं. उद्या सकाळी तुम्ही सवयीनं हाक माराल आणि ओ येणार नाही. ताटं वाढताना एक ताट जास्त मांडलं जाईल. लोक म्हणतील, हे जगाचं रहाटगाडगं आहे. पण रिकाम्या घरात बसायचं तुम्हालाच आहे. ही जागा कशानंही भरून निघणारी नाही. तुमच्या दुःखात मी तुमच्यासोबत आहे."

सम्राटनं डोळे मिटून घेतले. टोपी कानापर्यंत ओढली. आता विहीर की कोर्ट, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

आवाज आला तो निराळाच. खोल घशातून काहीतरी तुटावं तसा. सम्राटनं एक डोळा उघडला. उत्तमराव रडत होते. तो पहाड दोन्ही हातांनी फेटा सावरत लहान पोरासारखा हमसाहमशी रडत होता. पडद्याआड रेश्मानं ते ऐकलं आणि तिनं हंबरडा फोडला, मग तिच्या आईनं, मग मांडवातल्या सगळ्या लेकीबाळींच्या आईबापांनी. उसाचा भाव बोलणारे गडी उपरण्यानं नाकं पुसू लागले. उत्तमराव तसेच डोळे पुसत स्टेज ओलांडून आले. साहेब दचकून उभे राहिले, आणि उत्तमराव त्यांच्या गळ्यात पडले.

"सकाळपासनं येतोय तो हार्दिक अभिनंदन म्हनतोय," ते म्हणाले. "माझ्या जिवाचं काय हुतंय, ते तुला एकट्याला कळलं रे."

साहेबांना काही कळलं नव्हतं. पण त्यांनीही एक लेक सासरी धाडलेली होती. त्यांचेही डोळे भरून आले, आणि दोघं वैरी एकमेकांना धरून उभे राहिले. गुरुजींनी तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू केली. सम्राटनं अक्षता टाकल्या त्या सगळ्या साहेबांच्या पाठीवर पडल्या.

सोमवारी साहेबांच्या केबिनमधून बोलावणं आलं. सम्राटला खात्री होती की आता सगळं उजेडात आलंय. त्यानं राजीनामा लिहून खिशात ठेवला आणि आत गेला. साहेबांनी विचारलं, तो मजकूर कुणी लिहिला? सम्राटनं मग काहीच लपवलं नाही. साहेब, तो लग्नाचा नव्हताच, माझे वडील वारले तेव्हाचा होता, फायली एकमेकींत गेल्या, चूक माझी, असं त्यानं एका दमात सांगून टाकलं. त्या रिकाम्या रेघेचंही सांगितलं. मग राजीनामा काढायला त्यानं खिशात हात घातला.

साहेबांनी खिडकीतून गव्हाणीकडे पाहिलं. "तुझ्या बापाच्या नावाचा कागद माझ्यापुढं कधी सहीला आलाच न्हाई," ते म्हणाले. "तुझा येईल. आणि त्या मजकुराला हात लावायचा न्हाई. काय असंल ते तसंच चालू ठेव."

मीटिंगमध्ये उत्तमरावांच्या बाजूनं कुणी हरकत घेतली नाही. ठराव पास झाला. आणि साहेबांचा हुकूम म्हणून सम्राटनं प्रोग्रॅमला बोटसुद्धा लावलं नाही. फायलींची भानगड सोडवावी असं त्याला रोज वाटायचं, पण सोडवली आणि साहेबांना ते कळलं तर? म्हणून त्यानं मशिन बंद करणंही सोडून दिलं.

आता कायम झाल्याचा हुकूमही साहेबांच्या सहीनं जाणारं पत्रच. त्याची निराळी फाईल नव्हतीच, तेव्हा ते त्याच मशिनवरून, शेवटचं शिकलेलंच घेऊन, त्याच वाटेनं आस्थापना विभागाकडे गेलं. कानिफनाथांनी ते छापून घेतलं, जवळ धरलं, लांब धरलं. वर विषय होता, 'श्री. सम्राट भिंगारदिवे यांना सेवेत कायम करणेबाबत'. खाली मजकूर होता, की तुमच्या घरातलं लाडकं माणूस आज तुमच्या घरातून निघालं.

कानिफनाथ शेजारी खरे, पण कामात चोख. ते म्हणाले, विषयाप्रमाणे तुम्ही कायम आहात, मजकुराप्रमाणे तुम्ही गेलात. हुकूम बदलून मागायचा तर पुन्हा मीटिंग आली, आणि ही दोस्ती पुढच्या मीटिंगपर्यंत टिकेल याची हमी कोण देणार? त्यापेक्षा हुकूम आहे तसा ठेवू आणि सोबत हयातीचा दाखला जोडू. दाखला नसला तर मग नोकरी तुमच्या मिसेसला, अनुकंपा तत्त्वावर. प्रज्ञाला हे सांगितलं तेव्हा तिनं पगाराची श्रेणी काय ते विचारलं.

ग्रामपंचायतीत सम्राट समोर उभा असूनही ग्रामसेवकाला तेवढं पुरेना. अर्जदार हयात आहे असं त्याला ओळखणाऱ्या कुणीतरी समक्ष सांगायला हवं. राहीबाईला बोलावून आणलं. तिनं आधी तो हुकूम मुलाकडून वाचून घेतला. सम्राटनं सगळा वाचला, हाक आणि ओ, जास्तीचं ताट, रिकामं घर. म्हातारीनं पदर डोळ्याला लावला. हा मजकूर कुणाचा आहे, ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. मग तिनं तो कागद घडी करून कमरेच्या पिशवीत नीट ठेवला. नवऱ्याच्या वाट्याला न आलेला कागद असा बापलेकांचा मिळून एकदम आला होता.

ग्रामसेवकानं विचारलं, आजी, हा इसम हयात आहे हे तुम्ही खात्रीनं सांगता का?

राहीबाईनं शाईत अंगठा बुडवला, मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जिता हाय. भितो लई, पन जिता हाय."